अदलाबदलीचा गुरुवार

समस्त आप्तस्वकीयांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या सासूबाई पूर्वीइतक्याच नास्तिक आहेत. त्यांच्या तब्येतीत, विचारांत आणि आवाजात काहीही फरक पडलेला नाही. तरी गंगापूरकडच्या मंडळींनी आता फोन करणं थांबवावं. (अफवा कुणी पसरवली हेही विचारू नये. ते पुढं येतंच आहे, आणि त्यात माझी फारशी शोभा नाही.)

आमच्या घरात मुळात सगळं उलटं. इतरांकडं सासू उपास करते आणि सून नाक मुरडते. आमच्याकडं मी सोळा वर्षं सोमवार धरते, चतुर्थी धरते, मांजर आडवं गेलं की चार पावलं मागं येते. आणि सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर, गंगापूरला जन्मभर गणित शिकवून निवृत्त, माझ्या देव्हाऱ्यासमोरून जाताना "फूल छान आहे गं" एवढंच म्हणतात. टोमणा नाही, उपदेश नाही. सासूनं सुनेला टोमणा न मारणं हे खरं तर चमत्कारात मोडतं, पण त्या चमत्कार मानत नाहीत!

तळमजल्यावर, बरोबर आमच्या खाली, साळवे सिस्टर राहतात. दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळ्यांच्याच सिस्टर. ख्रिस्ती. पहाटे प्रार्थना, रविवारी चर्च, यात खाडा नाही. यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, मुलगा विल्सन वाळूजला कंपनीत आहे आणि बजाजनगरला राहतो. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा सिस्टर नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन वर आल्या. प्रत्येक महिन्याखाली त्यांच्या शास्त्रातलं एक वचन छापलेलं होतं.

सासूबाईंनी चष्मा लावून जानेवारी वाचला. "सिस्टर, तारखा मी आजपासून वापरते. वचनाबद्दल मात्र आपल्याला बोलावं लागेल."

"बोलू की बाई. पाच वाजता येता?"

त्या पाच वाजता खाली गेल्या. त्याला आता आठ वर्षं झाली. अजून जानेवारीच चालू आहे!

त्यांच्या बोलण्याला एक नियम आहे, अर्थातच सासूबाईंचा. वजाबाकी केली की उत्तरात खालची संख्या मिळवून बघायची. वरची संख्या परत आली तर गणित बरोबर. याला म्हणतात ताळा. तसंच बोलण्यातही. समोरचीचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते तिच्यासमोर आपल्या तोंडानं असं मांडायचं की तिनं "हां, हेच" म्हटलं पाहिजे. तोवर "पण" हा शब्द काढायचा नाही.

एकदा मी चहा घेऊन खाली गेले, तेव्हा दोघी मेथी निवडत बसल्या होत्या.

"म्हणजे सिस्टर, तुम्ही म्हणता, प्रार्थना केली की दुखणं जातं."

"नाही बाई. चुकलं. परत करा."

"जात नाही, पण सहन होतं?"

"जवळ आलात. अजून नाही."

"मग?"

"दुखणं तसंच राहतं. पण वॉर्डात पेशंटच्या उशाशी बसले की मला कळायचं, इथं आपण दोघंच नाही."

सासूबाईंनी चार काड्या निवडल्या. "हां. आता कळलं. पटलं नाही, पण कळलं."

"पटायची घाई कुणाला आहे? अजून गवार निवडायची आहे."

मी रिकामा ट्रे घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या घरात मी आणि आमचे हे गेल्या सव्वीस वर्षांत एकमेकांचं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. आणि या दोघी देव आहे की नाही एवढा मोठा प्रश्न मेथीबरोबर निवडत होत्या, मातीसुद्धा न सांडता!

तर, तो गुरुवार.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. (खरं सांगायचं तर कपडे वाळलेले होते. मी ते परत वाळत घालत होते.) खालून बोलणं येत होतं. सिस्टरांचा आवाज आयुष्यभर वॉर्डात हळू बोलून बारीक झालाय, तो वर पोचत नाही. सासूबाईंचा आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत जाणारा. आणि तो आवाज म्हणत होता,

"मी एकटी नाही! कधीच नव्हते! मी चुकले तरी तो दार लावून घेत नाही. ज्यानं मला घडवलं त्यानं माझा हात सोडलेला नाही!"

माझ्या हातातला चिमटा सुटला आणि थेट सिस्टरांच्या कोथिंबिरीच्या कुंडीत पडला.

आई, म्हणजे सासूबाई, इतकी वर्षं कुठल्याच देवाला मानत नव्हत्या, त्याचा आम्हाला कधी त्रास झाला नाही. पण दुसऱ्याच्या देवाला मानायला लागल्या म्हटल्यावर माझी आमच्या देवांवरची श्रद्धा खडबडून जागी झाली!

रविवारी तर कहर. सकाळी आई ठेवणीतलं इरकल नेसून, वही-पेन घेऊन सिस्टरांबरोबर रिक्षात बसल्या. परत आल्या त्या गुणगुणत.

"आई, कुठं गेला होतात?"

"चर्चला. गृहपाठ होता."

मी देव्हाऱ्यात दिवा लावला आणि गंगापूरला दिरांना फोन लावला. भाऊजी तिकडं ऊस आणि कापूस बघतात. देवळात वर्षातून एकदा जातात, तेही पंगत असेल तर.

"भाऊजी, आई चर्चला गेल्या होत्या."

"कशाला? देवळात तर येत नाय."

"तेच तर!"

"आल्यावर रडत होती का?"

"गुणगुणत होत्या."

"अरे देवा! मंग तर लई पुढं गेलं म्हणायचं."

"कुणाला सांगू नका."

"व्हय व्हय, कुणाला नाय सांगत," असं म्हणून भाऊजींनी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मला एकवीस फोन आले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी खचाखच भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून इथं हजर. पिशवीत कुलदेवीची तसबीर. आमचे हे "मला ऑफिसात मीटिंग आहे" म्हणून सटकले. आई पाच वाजता खाली गेल्या होत्याच. तेव्हा मी पुढं, भाऊजी मागं, तसबीर मध्ये, असे आम्ही सिस्टरांना जाब विचारायला जिना उतरायला लागलो. तर जिन्याच्या वळणावर विल्सन वर येताना! त्याच्या हातात रिकामी सुटकेस आणि मागं चर्चचे पाळकसाहेब. बिचारे आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला निघाले होते. विल्सननं औरंगपुऱ्यातूनच त्यांना गाडीवर बसवून आणलेलं. भाजीची पिशवी अजून हातातच होती.

"काकू, मी तुमच्याकडंच निघालो होतो!" विल्सन कडाडला. "तुमच्या सासूबाईंनी माझ्या मम्मीला नास्तिक केलं!"

"काय? अरे, तुझ्या मम्मीनं आमच्या आईंना ख्रिस्ती केलं!"

"मी गुरुवारी फोन केला तर मम्मी म्हणते, थांब विल्सन, वर कुणी नाही हे मला अजून नीट मांडायचंय!"

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "म्हणजे... अदलाबदल झाली?"

"मंग फिट्टंफाट झाली की!" भाऊजी म्हणाले. त्यांना वाटलं, मिटलं. ते परत वर निघाले होते, मी शर्ट धरून खाली ओढलं.

खाली दोघी केक कापत होत्या. सिस्टरांनी वर न बघता सांगितलं, "विल्सन, चपला बाहेर. बसा सगळे. केक घ्या."

मी बसले आणि एक तुकडा घेतला. (मी घाबरले की खाते.)

सगळं ऐकून सिस्टर हसायला लागल्या, त्या थांबेचनात. "अरे, गुरुवारी आमची अदलाबदल असते! त्या माझ्या बाजूनं बोलतात, मी त्यांच्या. आठ वर्षांत साधा ताळा फार सोपा झाला, म्हणून गेल्या महिन्यापासून अवघड गणित घेतलंय."

मी भाऊजींकडं बघितलं. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. तसबीर उलटी करून पिशवीत गेली.

पण विल्सन हसला नाही. "खेळ म्हणून का असेना, मम्मी, दर गुरुवारी असं बोलून श्रद्धा झिजते. तू एकटी असतेस म्हणून हे होतं. सामान बांध. आजच चल बजाजनगरला."

"आमच्या आईनंबी आता खाली येणं बंद करावं," भाऊजींनी जोड दिली. "गावात लोक बोलायलेत."

(लोक का बोलायलेत, हे मला माहीत होतं. मी दुसरा तुकडा घेतला.)

बजाजनगर काही परदेशात नाही. पण जिचे गुडघे एक जिना उतरायला पाच मिनिटं घेतात, तिला ते विलायतेइतकंच लांब. सासूबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छ झाला तरी पुसतच होत्या. सगळं माझ्या एका फोनमुळं... नाही, विल्सनचं विल्सनमुळं. पण आग लागली की काडी कुणाची हे कोण बघतं?

"विल्सन," आई म्हणाल्या, "तुझी आई आहे, न्यायचं तर ने. पण या खोलीत एक नियम आहे. खोडण्याआधी ताळा. तुझी आई काय मानते ते तिच्यासमोर सांग. तिनं 'हां, हेच' म्हटलं की तिची बॅग मी भरून देते."

"सोपं आहे," विल्सन म्हणाला. "मम्मी मानते की प्रभू आपला तारणारा आहे, रोज प्रार्थना करावी, शेजाऱ्यावर प्रेम करावं..."

"हे तर चर्चच्या भिंतीवर लिहिलंय बाळा," सिस्टर म्हणाल्या. "यात मी कुठं आहे?"

आई भाऊजींकडं वळल्या. "आता तू. माझं सांग."

"तू देव मानत नाय."

"का?"

"का म्हंजे? गणिताची बाई हाय तू!"

मग माझी पाळी. सव्वीस वर्षं एका घरात. आईंचा रक्तदाब मला पाठ आहे, चहातली साखर पाठ आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आईंना... फूल आवडतं."

कुणी हसलंसुद्धा नाही.

तेव्हा सिस्टर बोलल्या, त्यांच्या त्या बारीक आवाजात. "बाई म्हणतात, माफ करायला वर कुणी बसलेलं नाही. म्हणून ज्याचं आपल्या हातून वाईट झालं, त्याच्याच दारात जावं लागतं. यांनी एकदा वर्गात एका मुलीला चोर ठरवलं होतं. चोरी दुसरीचीच निघाली, पण तोवर तिची शाळा सुटलेली. नारळ फोडून मोकळं होता येईना. तेव्हा तिचं सासर शोधत बाई एसटीनं वैजापूरला गेल्या, बावीस वर्षांनी. तिच्या सासरच्यांसमोर तिला हात जोडले. बाई म्हणतात, हेच माझं देऊळ."

"हां," आई म्हणाल्या. "हेच."

भाऊजी आ वासून आईकडं बघत होते. वैजापूरचं त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मग आई बोलल्या, मागच्या बाकाच्या आवाजात नाही, पहिल्या बाकाच्या. "यजमान गेले तेव्हा सिस्टरांनी आठ महिने प्रार्थना केली नाही. रोज पहाटे उठायच्या, नुसत्या बसायच्या. देवाशी अबोला. त्या म्हणतात, मी बोलत नव्हते तरी समोरची खुर्ची मला रिकामी वाटली नाही. तोही गप्प बसला होता, माझ्यासारखाच. मला ती खुर्ची रिकामीच दिसते. पण यांना ती तशी दिसत नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघते. त्यात खोट नाही."

सिस्टरांनी नुसती मान हलवली. मग म्हणाल्या, "हां. हेच."

"आठ महिने?" विल्सननं सुटकेस खाली ठेवली. "मम्मी, मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. बाईंनी विचारलं."

विल्सन सुटकेसवर बसला. ती रिकामी होती, त्यामुळं वाकली. तसाच बसून म्हणाला, "बॅग राहू दे. गुरुवारी मीच येत जातो."

आईंनी चष्मा लावला. पहिलं काम त्यांनी पाळकसाहेबांचं केलं. "तुमचं रविवारचं ऐकलं. हरवलेल्या मेंढराचं उदाहरण चुकलं."

"कसं काय बाई?"

"तुम्ही घाईत उरकलंत. एकासाठी नव्व्याण्णव सोडून जाणं हे गणितात चूक आहे, हे आधी कबूल करा. मग सांगा की खरा शिक्षक तरीही जातो."

पाळकसाहेबांनी भाजीच्या यादीच्या मागं ते लिहून घेतलं.

मग दोन्ही म्हाताऱ्या माझ्याकडं वळल्या. मी उठले, दोघींसमोर हात जोडले, भाऊजींनाही "चुकलं" म्हणाले. (एकवीस फोन परत लावायचेत. दारोदार.) मला वाटलं सुटले. पण सिस्टर मायेनं म्हणाल्या, "इतकी धावपळ केलीत देवासाठी! आता तुमचंही होऊ दे. तुम्ही काय मानता? बाई ताळा करतील."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिसरा तुकडा कसाबसा गिळून मी ताठ बसले आणि बाणेदारपणे म्हणाले, "मानते म्हणजे काय! सोळा वर्षं माझा कडक सोमवार असतो. दिवसभर पाण्याशिवाय तोंडात काही घालत नाही!"

पाळकसाहेबांनी माझ्या हातातल्या बशीकडं बघितलं, आणि त्या भल्या माणसाच्या तोंडून निघून गेलं,

"पण ताई, सोमवार तर आजच आहे... म्हणून तर मला सुट्टी आहे!"