तांबड्या अक्षरांनी केलेला घोळ

मंडळी, बेळगावहून आत्ताच परतले. अंग मोडून आलंय, तरी लिहिते.

माझी भाची सानिका जन्मापासून मुलगा म्हणून वाढली. आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती स्त्री-हार्मोनच्या गोळ्या घेते. परवाच्या रक्ततपासणीत इस्ट्रोजेन 'जास्त' आणि टेस्टोस्टेरॉन 'कमी' असं तांबड्या अक्षरांत छापून आलं. तिचा बाप, म्हणजे निपाणीचा माझा धाकटा भाऊ, घाबरला आणि त्याने गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या.

आज मी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले. लॅबने तिचे आकडे पुरुषांच्या मापाशी ताडून पाहिले होते! टेस्टोस्टेरॉन उतरवणं हाच तर उपचार. डॉक्टर म्हणाले, आकडे हवे तिथेच आहेत, गोळ्या मध्येच बंद करू नका.

मी तिथूनच भावाला फोन लावला.

"आक्का, मग तांबडं कशाला छापत्यात?"

"मशीनला तुझी लेक कोण ते ठाऊक न्हाय रं. तुला तर हाय न्हवं?"

मग तो म्हणाला, "किल्ली देवघरात हाय. तिला घ्यायला सांग."

पुढच्या तपासणीलाही तांबडी अक्षरं येतीलच. या वयात मी कुणाकुणाला समजावू?

तुमच्या घरी असा कागद आला, तर आधी डॉक्टरांना विचाराल, की कुलूप शोधाल?