नसलेल्या वस्तीचा रस्ता

आमच्या वस्तीला दोन नावं आहेत. एक समतानगर, ग्रामसभेने ठराव करून दिलेलं. दुसरं त्याच्या आधीचं, जातीवरून पडलेलं. ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल, आणि ज्यांना नाही कळलं त्यांचं काही अडणार नाही.

ठराव झाला तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, पलटणीच्या पेन्शनमधून पत्र्याची पाटी रंगवून घेतली. स्वतः खड्डा खणून ती वस्तीच्या तोंडाशी रोवली. तरीही गावात कुणाला विचारलं, कुठं चाललाय, तर उत्तर जुन्या नावानेच येतं. असा माणूस आप्पांच्या तावडीत सापडला की त्याची सुटका नसते. ते त्याला पाटीपुढे उभा करतात आणि काठी पाटीकडे करून म्हणतात, "वाचाय येतंय न्हवं? मग वाच की." माणूस वाचतो. एवढ्यावर भागत नाही. "आता मोठ्यानं वाच." वस्तीतली पोरंसोरं हसतात, पण आप्पा हसत नाहीत.

मी सांगलीत एका ठेकेदाराच्या ऑफिसात टेंडर भरते. शनिवारी दुपारी आष्ट्याला उतरून पुढे गावाला जाते, सोमवारी परत. टेंडरला मराठीत निविदा म्हणतात, पण इतक्या वर्षांत हा शब्द कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. रस्ता, गटार, शाळेची खोली, काहीही बांधायचं असलं की सरकार ते एका संकेतस्थळावर टाकतं. कोणतं काम, कुठे, शेवटी कुणाला मिळालं, सगळं तिथे दिसतं. बघायला पासवर्ड लागत नाही, ओळख लागत नाही. चावडीवर चिकटवलेल्या नोटिशीसारखंच ते. फक्त चावडीवरची नोटीस येता-जाता कुणीतरी वाचतं, ही ठेकेदारांशिवाय कुणी वाचत नाही.

माझी आई श्रावणात गेली. आमच्या वस्तीपासून स्मशानभूमीपर्यंत ओढ्याच्या कडेने काळ्या मातीची वाट आहे, दोन्ही बाजूंना ऊस. उन्हाळ्यात त्या वाटेवर ट्रॅक्टर जातो, पावसात कुत्रंसुद्धा जात नाही. खांदा दिलेल्यांपैकी एकाचा पाय गुडघ्याच्या वर रुतला आणि तिरडी कलली. आप्पा पुढे धावले, त्यांनी दोन्ही हातांनी आईचं डोकं धरलं. तसंच धरून ते शेवटपर्यंत चालले. घरी आल्यावर पायाचा चिखल धुवायच्या आधीच उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "मला ह्या वाटंनं न्यायचं न्हाई. रस्ता झाल्याबिगर मी मरत न्हाई, सांगून ठिवतो."

म्हाताऱ्या माणसाने असं काही म्हटलं की लोक गालात हसतात. मला हसू आलं नाही. हा माणूस बोललेलं करतो हे मला माहीत होतं, आणि हे एकच बोलणं असं होतं की त्यात रस्त्याच्या मागे लागून त्यांना जिंकू देणं माझ्या हातात होतं.

ग्रामसभेत रस्त्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "निधी न्हाई ताई. आला की पयला तुमचाच." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ग्रामसेवक भाऊसाहेबांनी तोंड उघडायच्या आधी ते माझ्या कानात वाजायचं. संकेतस्थळावर मी समतानगर टाकून बघत असे. काही निघत नसे. निधी नाही, तर काम तरी कुठून निघणार?

एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात ठेवून मी पुन्हा बघत बसले होते, आणि आमच्या धंद्याची रीत आठवली. नव्या कामाची फाईल कुणी नव्याने करत नाही. जुनी फाईल उघडायची, आकडे बदलायचे, गावाचं नाव बदलायचं, झालं. मीही तेच करते. मग जुन्या फाईलवर कुठलं नाव असेल?

ते नाव मी जन्मात कधी टाईप केलं नव्हतं. अर्धं टाईप केलं आणि पुसलं. पुन्हा केलं. शेजारच्या टेबलावरचं कुणी बघतंय का म्हणून मान वळवली, जशी काही मीच चोरी करत होते. मग बटण दाबलं.

आणि रस्ता सापडला. जुनं नाव, त्यापुढे 'ते स्मशानभूमी रस्ता काँक्रीट करणे.' टेंडर निघालेलं, ठेकेदाराला मिळालेलं. झालेली कामं ज्या दुसऱ्या संकेतस्थळावर दाखवतात तिथे जाऊन बघितलं. काम पूर्ण, बिल अदा. तारीख आई जायच्या आधीची. सोबत पुरावा म्हणून फोटो, त्यात गुळगुळीत पांढरा रस्ता आणि कडेला नारळाची झाडं. आमच्या वाटेला एक बाभूळ आहे, तीही वाकडी.

डबा तसाच राहिला. मला रडू आलं नाही, संताप आला. ज्या चिखलात आईची तिरडी कलली, तिथे सरकारच्या लेखी तेव्हा काँक्रीट होतं. आप्पा तिचं डोकं धरून पक्क्या रस्त्यावरून चालले होते म्हणे.

आमच्या साहेबांना कुणकुण लागायला वेळ लागला नाही. तालुक्यातले ठेकेदार एकमेकांना ओळखतात. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, बसवलं, आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला घेता?"

मी म्हणाले, "साहेब, मी पाण्यात नाही राहत. चिखलात राहते."

त्यांनी मला काढून टाकलं नाही. टेंडर भरणारं माणूस सहज मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. फक्त ऑफिसच्या प्रिंटरवर घरची कामं करायची नाहीत असं बजावलं. मी आष्ट्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंटा काढल्या आणि ग्रामपंचायतीत तक्रार दिली. टेंडरची प्रिंट, नारळाच्या फोटोची प्रिंट, आणि आमच्या वाटेचा मी काढलेला फोटो.

उत्तर आलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. 'सदर नावाची वस्ती या ग्रामपंचायतीच्या हद्दीत अस्तित्वात नसल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

मी ते आप्पांना वाचून दाखवलं. एवढी वर्षं गावाने आम्हाला ज्या नावाने हाक मारली, ते नाव आमच्या तक्रारीला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा अस्तित्वात नव्हतं. बिल काढताना होतं. चोर तो चोर, वर शिरजोर!  आप्पा म्हणाले, "म्हंजे ठराव त्यांस्नी ठावं हाय तर."

पुढच्या रविवारी भाऊसाहेब स्वतः घरी आले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच चहा प्यायले. बशीत ओतून, फुंकर मारत, घरच्यासारखे. मग मुद्द्यावर आले.

"आप्पा, तुमचा रस्ता व्हावा असं मला बी वाटतंय. एक मार्ग हाय. तुमी वस्तीवाल्यांनी स्टॅम्पवर लिवून द्यायचं, आमी त्याच जुन्या नावाच्या वस्तीत ऱ्हातो म्हून. म्हंजे ते काम तुमचं ठरतंय. काम अर्धवट ऱ्हायलं हुतं असं दावू. ठेकेदार पावसाच्या आत रस्ता करून देतोय. कुणाला तरास न्हाई."

 खरं सांगते, माझ्या मनात आलं, होऊन जाऊ दे. नाव काय, कागदावरच तर राहील. पावसाच्या आत रस्ता होईल. आप्पांचं वय माझ्यापुढे खुर्चीत बसलेलं होतं, त्यांच्या हातातली बशी मला दिसत होती.

आप्पांनी बशी खाली ठेवली. "भाऊसाहेब, ते नाव एकदा तोंडानं म्हना."

"आता ते कशाला, आप्पा..."

"म्हना की. स्टॅम्पवर लिवायचंय न्हवं? मग बोलाय काय झालं?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. दारात वस्तीतली चार माणसं उभी होती. असं नाव चारचौघांत उच्चारलं तर काय होतं, हे त्यांना कायद्यातून माहीत होतं. त्यांनी चहाची बशी पुन्हा तोंडाला लावली.

"तुमाला म्हनवत न्हाई," आप्पा म्हणाले, "आन् मी त्याच्याखाली सही करू व्हय? त्या नावाच्या रस्त्यावरनं मी मेलेला बी जानार न्हाई. उठा आता."

भाऊसाहेब उठले. चहा अर्धा राहिला होता. माझ्या मनात थोड्या वेळापूर्वी जे आलं होतं, त्याची मला लाज वाटली. आणि आप्पांचा इतका अभिमान वाटला की तो लपवायला मी कपबशा घेऊन आत गेले.

ग्रामसभा मारुतीच्या देवळापुढे भरते. मी ठरावाची प्रत बरोबर नेली होती. ठराव टेंडरच्या आधीचा होता, म्हणजे टेंडर निघालं तेव्हा जुनं नाव गावाने रद्द केलेलं होतं, आणि सगळी गंमत तिथेच होती. मला बोलायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. मी ओळीने तीन कागद वाचले. आधी ठराव, मग टेंडर, मग त्यांनीच मला दिलेलं उत्तर. जुन्या नावाच्या जागी मी दर वेळी थांबले आणि पुढचा शब्द वाचला. त्या रिकाम्या जागेत काय आहे ते सगळ्या गावाला कळत होतं, आणि पहिल्यांदाच ते गावालाच अवघड जात होतं.

मग मी म्हणाले, "भाऊसाहेब, ह्या नावाची वस्ती गावात हाय का न्हाई, एवढंच सांगा. असंल तर रस्ता दावा. नसंल, तर काँक्रीट कुठं वतलं ते दावा."

 सरपंचांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मी नारळाचा फोटो पुढच्या रांगेत दिला, तो हातोहात मागे गेला. मागून वरच्या आळीतली एक म्हातारी, जिने माझ्या माहितीत आमच्या वस्तीसाठी कधी शब्द काढला नव्हता, फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "आवं भाऊसाहेब, ह्यो नारळ कुठल्या गावचा वो? आपल्यात तर न्हाई कुठं."

सभा हसली. हसता हसता एकजण उठून म्हणाला की मागल्या मळ्याच्या गटाराचंही बघायला हवं. दुसऱ्याने शाळेच्या कुंपणाचं काढलं. घरी जाताना चारपाच जणांनी मला फोन पुढे करून विचारलं, ताई, ते कुठं बघायचं ते दाव की. मी दाखवलं. सोबत एक सांगितलं, पाटीवरचं नाव टाकून काही निघालं नाही, तर पाटीच्या आधीचं नाव टाकून बघा.

जिल्हा परिषदेला मी तेच तीन कागद पाठवले. मोजमापाला एक अभियंता टेप घेऊन आला. पाऊस नुकताच झाला होता. वाटेत त्याचा बूट रुतला, त्याने पाय ओढला तर नुसता मोजा वर आला. आप्पा बाभळीखाली उभे होते. "साहेब, जपून," ते म्हणाले, "पक्का रस्ता हाय."

चौकशी अजून चालू आहे. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, त्यातले किती झाले मी मोजत नाही. त्या ठेकेदाराचं काय होईल, मला माहीत नाही. भाऊसाहेबांची बदली झाली. आमचे साहेब हल्ली मला केबिनमध्ये बोलावून बसवत नाहीत, उभ्यानेच काम सांगतात. मला चालतं.

मागच्या आठवड्यात ऑफिसात बसल्या बसल्या मी सवयीने समतानगर टाकलं. सवय म्हणूनच, कारण तिथे काही निघत नसतं. यावेळी एक ओळ निघाली. शनिवारपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. घरी गेल्यावर फोन आप्पांच्या पुढे धरला. त्यांना अक्षर बारीक पडतं, म्हणून म्हणाले, "वाच."

मी वाचलं, "समतानगर ते स्मशानभूमी रस्ता काँक्रीट करणे."

आप्पांनी काठी उचलून फोनकडे केली. "आता मोठ्यानं वाच."

मी मोठ्याने वाचलं. शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं. आप्पांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पायात वहाणा घालत म्हणाले, "लवकर करा म्हनावं. मला काय लय दिस थांबायचं न्हाई." आणि वाट बघायला ओढ्याकडे निघाले.