केशरबाईची चार पोती

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा सरकतो आणि दिसते एका घराची मागची खोली. पत्र्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप बरोब्बर चार पोत्यांवर पडलेली, जणू कुणी मुद्दाम झोत सोडलाय. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, दोनावर दोन, मधे कडुनिंबाचा पाला. पुढ्यात उकिडवी बसलेली केशरबाई. गुडघ्यापाशी ओलं गोणपाट उलगडलेलं आणि त्यात कोंब फुटलेले सोयाबीनचे दाणे.

दोन हजार सोळाचा वैशाख. नेकनूरच्या बाजूच्या त्या वाडीत टँकर चौथ्या दिवशी यायचा. त्यातलं तांब्याभर पाणी रोज या गोणपाटाला देताना तिचा नवरा बिभीषण तोंड फिरवून बसायचा. पण शंभर दाण्यांतले शहाऐंशी उगवले होते. केशरबाईनं ते दोनदा मोजले, कोंब आलेले दाणे शेळीपुढं टाकले आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा गालात हसली.

तिचा जीव या चार पोत्यांत अडकला होता. आधीच्या पावसाळ्यात वाडीतलं पीक वाळून गेलं. विहिरीच्या तळाला होतं तेवढ्या पाण्यावर हिनं एक तुकडा जगवला आणि त्याचं बी राखलं. ऊसतोडीला गेलेल्या आठ घरांच्या बायांना तिनं शब्द दिला होता, की मृगाला परत या, प्रत्येकीला एक एकराचं बी मी देते. चार पोती, आठ एकर. हिशेब असा काठोकाठ होता.

सोयाबीनचं बी म्हणजे नाजूक काम. ज्वारीचं पोतं आदळलं तरी ज्वारी उगवते. सोयाबीनचं साल पातळ. पोतं उंचावरून पडलं की दाणा आतल्या आत दुखावतो आणि वरून पिवळाधमक दिसतो. फसवतो तो पेरल्यावर. म्हणून केशरबाई पोतं कुणाला ओढू देत नसे, त्यावर बसू देत नसे. खायचे दाणे वेगळ्या डब्यात. तेही रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकायचं, साल चोळून काढायचं आणि दोन बोटांत लोणी होईपर्यंत शिजवायचं. मग त्यावर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी. तिच्या घरी जेवलेला माणूस हिरवट वासाची तक्रार कधी करत नसे.

त्याच आठवड्यात पाटोद्याला दिलेली लेक बाळंत झाली. केशरबाई चार दिवसांसाठी गेली. जाताना खोलीची किल्ली बिभीषणच्या हातात दिली आणि कुणी काही मागितलं तरी दार उघडायचं नाही, असं तीनदा बजावलं.

पाचव्या दिवशी ती फाट्यावर एसटीतून उतरली, तर सोसायटीच्या गोदामापुढं मांडव. कर्ण्यावर गाणी. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव पांढऱ्या कपड्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे. दुष्काळात पोटाला आधार म्हणून घरोघरी सोयाबीन कसं शिजवावं, याचं प्रात्यक्षिक दाखवायला तालुक्याहून बाई येणार होत्या. शिवाय सोसायटीनं बियाणं राखलंय, हेही त्यांना दाखवायचं होतं. बियाणं कुणाचं, हे विचारतो कोण?

ड्रायव्हर शहादेव तिचंच एक पोतं ट्रॉलीच्या काठावर घेऊन थांबला होता. खाली उतरून घ्यावं की कसं, असा घोटाळत होता. सुंदररावांनी घड्याळ बघितलं आणि पाहुणे पोचायला आले, टाक खाली, असं फर्मावलं. पोतं धप्पकन जमिनीवर आलं. त्याआधीचं धुळीत बाजूला पडलेलं होतंच. केशरबाईनं हातातली पिशवी रस्त्यातच टाकली आणि धावत सुटली. ती पोचेस्तोवर तिसरंही पडलं. चौथं तर आधीच्या फेरीत आणून केव्हाच फोडलं होतं. त्यातलं तासभरच भिजवलेलं निम्मं पोतं दोन हंड्यांत चुलीवर चढलं होतं आणि उरलेलं मांडवात पसरून त्यावर दाण्यांनीच सोसायटीचं नाव काढलं होतं. येणारे जाणारे त्यावर पाय देत होते.

बिभीषण मांडवाच्या खांबाआड उभा होता. केशरबाई आधी त्याच्याकडे गेली.

"किल्ली कावून दिली?"

"चेअरमन दारात उभे ऱ्हायले. न्हाई कसं म्हणावं?"

"उद्या माझं मढं मागतील. ते बी दे उचलून."

मग ती सुंदररावांकडे वळली. ते भावकीतले, नात्यानं दीर. हसत म्हणाले, की वहिनी, नाव तुमचंच घेणार आहे भाषणात, आणि बी कुठं पळून गेलं? तीन पोती जशीच्या तशी आहेत. केशरबाईनं शांतपणे विचारलं, की तरुणपणी आष्टीच्या बाजारात तुम्ही पाठीवर पोती वाहिली ना? पोतं कसं उतरवायचं, हे मी तुम्हाला शिकवू? सुंदररावांनी कर्ण्याचा आवाज वाढवायला खुणावलं.

तेवढ्यात हंड्याकडून तो हिरवट वास आला आणि तिचा संताप दुप्पट झाला. तासभर भिजलेलं सोयाबीन, अर्धकच्चं, पहिल्या पाण्यासकट लोकांच्या पानात वाढणार होते. अख्ख्या वाडीची पोटं बिघडली असती. तिनं पदर खोचला. शिजवायला बसलेल्या बायांना उठवलं. दोन्ही हंडे खाली घेतले, पाणी ओतून दिलं, ते गोदामामागच्या झाडाला, आणि दाणे चोळायला बसली. तोंडानं शिव्या आणि हातानं साल, दोन्ही एका लयीत निघत होतं. तालुक्याच्या बाई आल्या त्या तिच्या शेजारीच बसल्या आणि लिहून घेत राहिल्या. जेवणं दुपारची पार दिवेलागणीला झाली. केशरबाईनं सगळ्यांना वाढलं. स्वतः घास घेतला नाही. आपलं बी लोक मिटक्या मारत खाताना तिला बघवेना.

जाताना तिनं तिन्ही पोत्यांतून मुठीमुठीनं दाणे काढले, शंभर मोजले आणि गोणपाटात बांधले. सुंदरराव म्हणाले, दाणा सोन्यासारखा आहे, उगाच शंका काढू नका.

पाच दिवसांनी गोणपाट उलगडलं. सत्तेचाळीस. बाकीचे फुगून मऊ पडले होते, नखानं दाबले की वास यायचा.

मृगाच्या तोंडावर आठ बाया गावी परतल्या. उसाच्या पाचटानं हात चिरलेले, डोळ्यांत शेताचं स्वप्न. केशरबाईनं त्यांना अंगणात बसवून गोणपाट दाखवलं. बी दुप्पट टाकावं लागेल, तीन एकरांपुरतंच आहे, असं तिनं सांगितलं. त्यांच्यात राधाकिशनची बायको सगळ्यांत थोरली. ती म्हणाली, तीन एकरांचं आठ घरांत वाटून टाक, कुणाची पाटी रिकामी ठेवू नको. ठरलं.

पण पोती अजून गोदामात होती, खताच्या गोण्यांना टेकून. सुंदररावांचा निरोप आला, की सोसायटीतूनच वाटू, फोटो काढू. केशरबाईनं उलट निरोप धाडला, की वाटप माझ्या अंगणातून होईल. मग ट्रॅक्टर पाठवतो, असा निरोप आला. त्यावर ती स्वतःच गोदामावर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली,

"ट्रॅक्टर नगं. पाठीवर येतील. 'टाक खाली' म्हणलं त्यानं बी एक उचलायचं."

शहादेवनं मान खाली घालून पहिलं उचललं. दुसरं बिभीषणनं, कुणी न सांगता. तिसऱ्यापाशी सुंदरराव बराच वेळ उभे राहिले. आठ बाया वाटेच्या कडेला बसून बघत होत्या, एकही हसत नव्हती. त्या न हसण्यानंच त्यांना वाकवलं असावं. टोपी काढून त्यांनी पोतं पाठीवर घेतलं. वाटेत दोनदा थांबले, सदरा घामानं पाठीला चिकटला. जुन्या हमालाची चाल मात्र अंगणापर्यंत हळूहळू परत आली.

मागच्या खोलीत शिरले आणि दम संपला. फळीजवळ येऊन त्यांनी खांदा तिरका केला, पोतं तसंच सोडून द्यायला. केशरबाई दारात आडवी उभी होती.

"वाका, भावजी. पोतं टाकायचं नसतंय. वाकून ठिवायचं असतंय."