वसंताची कादंबरी ओरिजिनल होती का?

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. एक छापखाना असावा, मालकाला चहाचं व्यसन असावं आणि मित्रांपैकी एकानं कादंबरी लिहायला घ्यावी, बस्स! एकोणीसशे साठच्या आगेमागे अमरावतीत कापूसबाजाराजवळ बापूंचा छोटा प्रेस होता. संध्याकाळी आम्ही तिथं जमायचो. मी शाळामास्तर, आमचे डॉक्टर, त्यांची भाची कमल आणि वसंता. कमल मूळची अकोल्याची, मामाकडे राहून मुलींच्या शाळेत शिकवायची. वसंता नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्याचा मुलगा, लॉ करत होता. स्वभाव लाजाळू आणि कादंबरी प्रेमाची!

* * *

पहिल्या प्रकरणात नायक-नायिका समुद्रकिनारी भेटतात. वसंता रंगात येऊन वाचत होता. बापूंनी चष्मा कपाळावर चढवला.

"वसंता, समुद्र पाह्यला काय तू?"

"नाही, बापू."

"मंग या लाटा कुठून आणल्या?"

"वाचल्या होत्या."

"मंग ज्याच्या हायेत त्याले वापस कर!"

वसंतानं समुद्र काढला, पूर्णा नदी आणली. पण कथा मे महिन्यातली. पूर्णेत तेव्हा लाटा कुठल्या? शेवटी दोघं कोरड्या वाळूत बसून टरबूज खाऊ लागली. बापू खूश झाले. "आता जमलं! हे कोनाचं नाही, हे आपलं हाय!"

* * *

नायिका म्हणायची, "आपल्यावाचून माझे जीवन शून्य आहे."

कमलला हसू आवरेना. "अकोल्याची पोरगी असं बोलते, हे तुले कोनी सांगितलं?"

"मग कसं बोलेल?"

"म्हणन, 'काहून रे, तोंड काहून उतरलं? जेवला नाही काय?'"

वसंता तिच्याकडे बघतच राहिला. डॉक्टरांनी आणखी एक चहा मागवला.

* * *

शेवटी नायिकेला टीबी झाला. त्या काळी कादंबरीतल्या चांगल्या मुली टीबीनंच जायच्या! डॉक्टर भडकले.

"अबे, स्ट्रेप्टोमायसिन येऊन किती वर्सं झाले! धारणीच्या जंगलातून जीपमधे घालून आणलेले पेशंट मी बरे करून राहिलो, अन् तू बंगल्यातल्या पोरीले मारून राहिला?"

"पण डॉक्टर, शेवट..."

"शेवट तुया तू पाह्य. पोरगी माह्याकून बरी झाली!"

नायिका वाचली आणि कादंबरी चार प्रकरणांनी वाढली.

* * *

पुस्तक निघालं. अचलपूरच्या एसटीत माझ्या शेजारची बाई तेच पुस्तक वाचत होती आणि डोळे पुसत होती. मला राहवेना. विचारलं, "कसं आहे?"

"काय सांगू भाऊ, सगळं आधी कुठंतरी वाचल्यासारखं वाटते."

"मग रडता कशाला?"

"तवाबी रडली होती!"

मी हे प्रेसवर सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. वसंता हसला नाही. "आता लिहिणं बंद," म्हणाला, आणि प्रेसवर यायचाच थांबला. आम्ही दोन-तीनदा बोलावलं, तरी नाही.

* * *

अशात अकोल्याच्या एका वाचनालयानं पुस्तकावर चर्चा ठेवली. वसंताला आम्ही अक्षरशः ओढत नेलं. अध्यक्ष होते कमलचे वडील, साक्षीदाराला घाम फोडणारे नामांकित वकील. बोलायला पुण्याचे एक प्राध्यापक.

प्राध्यापक म्हणाले, "स्टेशनवरचा प्रसंग पाहा. नायिका म्हणते, 'तू इचारशीन तं मी हो म्हणीन. पण तू इचारतच नाही.' वऱ्हाडी कपडे चढवलेत, पण मूळ माल इंग्रजी! आपल्याकडे कुठली मुलगी असं बोलते?"

वसंता मान खाली घालून बसला. बापूंनी कोपरानं ढोसलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कमल उभी राहिली.

"सर, ते इंग्रजीतलं नाही. ते मी म्हटलं होतं. बडनेरा स्टेशनवर. याले!"



वकीलसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वसंताकडे वळले.

"मंग तुमी इचारलं काहून नाही?"

वसंता कसाबसा उभा राहिला. "वकीलसाहेब, तुमचं भेव लागे."

"हं. आता इथंच इचारता, का घरी येता?"