बिनाचिठ्ठीचं औषध

माझ्या सासऱ्यांइतका कायदा पाळणारा माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत आजवर झाला नाही, आणि पुढे कधी झालाच तर त्याच्या घरच्यांचं कसं व्हायचं याची मला आत्तापासून काळजी आहे. श्वास घ्यायला परवाना लागत असता, तर त्यांनी तो रीतसर काढला असता, त्याची झेरॉक्स पाकिटात ठेवली असती आणि मगच नाकपुड्या उघडल्या असत्या. उभी नोकरी फॉरेस्टात गेली. धानोऱ्याकडे वनपाल होते. जंगलातून बांबूची काडीही बाहेर न्यायची तर वाहतूक परवाना लागतो, हे त्यांच्या हाडात इतकं भिनलं की रिटायर होऊन आमच्या शेजारी राहायला आल्यावरही बाजारातून झाडू घेऊन येणाऱ्या माणसाकडे ते जरा रोखूनच बघतात.

माझं पोंभुर्ण्याला मेडिकलचं दुकान आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना शेती विचारली, ना घर. म्हणाले, "दुकानाचं लायसन्स कोनाच्या नावानं हाय?" माझ्याच, म्हटलं. "मुदत कवापर्यंत हाय?" ती सांगितली. त्यावर त्यांनी आत तोंड करून हाक दिली, "चहा आन वं माय!" माझं लग्न ठरलं ते असं. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवाचे बांबू घेऊन त्यांचा सख्खा भाऊ ट्रॅक्टरवर आला. बांबू डेपोतून रीतसर घेतलेले, पण परवान्याचा कागद भाऊ घरी विसरला. सासऱ्यांनी स्वतःच्या पोरीच्या मांडवाचा ट्रॅक्टर स्वतःच्या नाक्यावर अडवला. भाऊ हात जोडतो आहे, सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या आहेत, आणि हे म्हणतात, "आज माह्या घरचं म्हून सोडलं, तं उद्या कोनाले अडवू?" कागद येईस्तोवर दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. आमचं लग्न विहाराच्या पटांगणात चिंचेखाली लागलं. चिंचेला मात्र त्यांची हरकत नव्हती. "उभ्या झाडाले परवाना लागत नाई," असं त्यांनी वऱ्हाडाला समजावूनही सांगितलं.

एवढ्या करड्या माणसाला एकच खोड होती, आणि ती आमच्याकडे घरोघरची आहे: खर्रा. आमच्या भागात पाहुणा आला की पाण्याच्या आधी खर्रा पुढे येतो. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटायचा आणि गालात दाबायचा. आता तयार खर्रा विकायला बंदी आहे, हे सासऱ्यांना बंदी आली त्या दिवसापासून माहीत. पण कायदा ज्याला कळतो त्याला कायद्याच्या फटीही कळतात. ते सुपारी एका दुकानातून आणत, तंबाखू दुसऱ्या, चुना तिसऱ्या, आणि अंगणात बसून स्वतः घोटत. "मी खर्रा इकत घेतो का? नाई. इकतो का? नाई. तीन कायदेशीर वस्तू एका पन्नीत ठेवल्या तं कोनतं कलम लागते, सांग बरं जवाई!" विहारात पंचशील म्हणताना नशेपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलापाशी त्यांचा आवाज किंचित बारीक व्हायचा. मग बाहेर चपला घालता घालता मला सांगायचे, "त्याच्यात तंबाखूचं नाव घेतलं नाई, आयकलं ना तू नीट?"

हे सगळं हसण्यावारी गेलंही असतं. पण सासऱ्यांची आणखी एक गोष्ट होती, त्यांचं भेकर. जंगलात भेकर, ते छोटं हरीण, जसं भॉक् भॉक् ओरडतं, तसं ते हुबेहूब ओरडायचे. वाघाची चाहूल लागली की भेकर असं ओरडतं. त्यामुळे त्यांनी अंगणात एकदा तोंड उघडलं की गल्लीतली कुत्री भुंकत सुटायची आणि शेजारच्या म्हाताऱ्या उगाच शेळ्या मोजायच्या. आमची लेक परी तर जेवतच नसे, आबाजींचं भेकर ओरडल्याशिवाय. एका संध्याकाळी तिनं हट्ट धरला, ते तोंड उघडायला गेले, आणि ते उघडेचना. भाकरीचा तुकडा जाईल एवढीच फट. "घसा बसला," म्हणाले. आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, तोंडात तीन बोटं उभी गेली पाहिजेत. यांच्या दोनही जाईनात. सुपारीनं तोंड आवळत जातं, तंबाखूनं माणूस अडकून राहतो, आता नाही सोडलं तर पुढचा आजार फार वाईट, असं डॉक्टरांनी साफ सांगितलं. येताना बसमध्ये माझी बायको खिडकीकडे तोंड करून रडत होती, आणि सासरे तिला धीर देत होते, "रडून काऊन राह्यली वं? सोडतो ना मी. कसा सोडाचा, त्याची रीत काय हाय, ते पाह्यतो."

रीत त्यांना सापडली ती थेट ऑस्ट्रेलियात. त्यांचा पुतण्या तिकडे नोकरीला आहे. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, की इथे ते वाफेचं यंत्र, वेप म्हणतात ते, पानठेल्यावर नाही मिळत, मेडिकलमध्येच मिळतं. त्यानं स्वतः सिगरेट सोडायला घेतलं तेव्हा तर डॉक्टरची चिठ्ठी लागली होती! झालं. नशा, आणि तीही डॉक्टरच्या सहीची! सासऱ्यांचे डोळे असे चमकले की त्यांना प्रमोशन मिळालं तेव्हाही तसे चमकले नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतो तर दारात सासरे. इस्त्रीचा सदरा, हातात प्लास्टिकची फाइल. तीत आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक, दोन फोटो आणि घरटॅक्सची पावती. "जवाई, त्या वेपसाठी चिठ्ठी कोन्या डॉक्टरची लागते? एमबीबीएस चालते का वरचा पाह्यजे?"

"बाबूजी, आपल्याकडे त्याच्यावर बंदी आहे."

"खुल्या बाजारात असंल बंदी. चिठ्ठीवर?"

"चिठ्ठीवरही नाही. कोणत्याच डॉक्टरच्या नाही. मला विकता येत नाही, दुकानात ठेवताही येत नाही."

"म्हंजे... परवानाच नाई?"

"परवानाच नाही."

ते स्टुलावर बसले. एखाद्या गोष्टीचा परवानाच नसतो, हे त्यांना फार लागलं. पण बंदी म्हणजे बंदी. त्यांनी मोबाइलवर कायदा उघडायला लावला, चष्मा चढवून सगळा वाचला आणि फाइल मिटली. "मंग विषय संपला," म्हणाले. मला त्यांचं कौतुकही वाटलं आणि धास्तीही, कारण विषय संपला म्हणजे घरी जाऊन पन्नी उघडणार, हे दिसतच होतं. मी घाईघाईनं निकोटिनच्या गोळ्यांची पट्टी काढली. चघळायच्या असतात, तंबाखूची तलफ मारतात. म्हटलं, "हे घ्या बाबूजी. दोन मिलिग्रॅमचं आहे, याला चिठ्ठीसुद्धा लागत नाही."

इथेच चुकलो! त्यांनी पट्टी बोटाच्या टोकानं मागे सारली. "चिठ्ठी लागत नाई? मंग ते औषध कायचं? ते तं चाकलेट झालं. परीले दे."

"चार मिलिग्रॅमला लागते," मी हरून म्हटलं.

"हां! मंग तसं सांग ना!" आणि निघाले सरकारी दवाखान्याकडे.

घरी बायकोनं मला फैलावर घेतलं. "स्वतःचं दुकान आहे, चार मिलिग्रॅमचं काढून द्यायचं होतं गुपचूप! माझ्या बापाचं तोंड मिटून चाललं, अन तुम्हाला कायदा सुचून राह्यला!" मी म्हटलं, अगं, मी बिनाचिठ्ठी दिलं तर ते खाणार नाहीतच, वर माझीच तक्रार करतील. यावर ती उठून स्वयंपाकाला लागली. बापाला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते.

दुपारी सासरे परत आले ते दोन्ही हातांत चिठ्ठी धरून. मी वाचली. डॉक्टरांनी तपासून दोन मिलिग्रॅमचंच लिहिलं होतं! सकाळचीच पट्टी, जी परीला चॉकलेट म्हणून देणार होते ती. पण डॉक्टर मोठे हुशार. माणूस ओळखून त्यांनी खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, "खर्रा, सुपारी, तंबाखू तात्काळ बंद करणे," आणि त्यावर गोल शिक्का. मी पट्टी दिली. ती त्यांनी प्रसादासारखी घेतली. कशी खायची ते सांगू लागलो, "बाबूजी, हळू चावायची, मग गालात दाबून ठेवायची..."

"गालात ठेवाचं तू मले शिकवून राह्यला का, जवाई?"

संध्याकाळी त्यांनी अंगणात पन्नी, सुपारी, तंबाखू आणि चुन्याची डबी एका खड्ड्यात पुरली. जप्तीचा माल पुरतात तसा, दोन शेजारी साक्षीला बोलावून. बायको दाराशी उभी होती. म्हणाली, "बाबा, मी लहानपणापासून सांगून राह्यली, सोडा, सोडा. माझ्या सांगण्यानं काऊन नाई सोडला?"

सासरे चिठ्ठीकडे बघत म्हणाले, "तू तोंडी सांगत होती वं बाई. मले आजवर कोनी लेखी सांगितलंच नाई."

त्यावर ती हसली की रडली, मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतरचे काही आठवडे घरात फार हाल झाले. तलफ आली की ते उठून गल्लीतल्या मोटारसायकलींचे इन्शुरन्स तपासायचे. कुरियरवाल्याला त्यांनी ओळखपत्र मागितलं, दूधवाल्याला वजनमापाचा दाखला. सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा खर्रा बरा होता. पण पन्नी काही पुन्हा उघडली नाही. तोच एक दिवस बातमी आली, सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांची बदली झाली. ज्याच्या सहीवर हे सगळं उभं होतं, तोच माणूस गेला. सासरे सकाळी दुकानात आले, चिठ्ठी काउंटरवर पसरली आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आदेश मानसाचा नसते जवाई, खुर्चीचा असते. रद्द होत नाई तवर लागू." आणि गोळी गालात ठेवून घरी गेले. मी लगेच बायकोला फोन लावून सांगितलं, आदेश लागू आहे.

आता त्या गोळ्याही सुटल्या. चिठ्ठी तेवढी लॅमिनेट होऊन भिंतीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खाली लागली आहे. तोंड मात्र पूर्वीसारखं उघडलं नाही. दातांचे डॉक्टर म्हणतात, जेवढं मिटलं तेवढं मिटलं, पुढचं वाचलं यातच समाधान माना. रोज सकाळी ते आरशासमोर बसून तोंडाचा व्यायाम करतात. आता दोन बोटं जातात, तिसरं अडतं.

परवा संध्याकाळी परी ताट पुढे घेऊन रुसून बसली. "आबाजी, भेकर!" सासूबाईंनी तिला डोळ्यांनी दटावलं, पण सासरे उठले. अंगणात गेले, कमरेवर हात ठेवले आणि जमेल तेवढं तोंड उघडलं. भॉक्. एवढासा, दबका आवाज आला. गल्लीतलं एकही कुत्रं भुंकलं नाही. परीनं कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "आबाजी, हे भेकर लांब आहे का?"

"हो माय," ते म्हणाले. "नाल्याच्या पल्याड हाय. पर हाय."

आणि परी जेवायला लागली.