फासा टाकून फेरी मारणारे गृहस्थ

कामतघरच्या आमच्या कापडाच्या कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, का थांबतात हे मोजायला संख्याशास्त्राचे एक गृहस्थ आले होते. सेठ दाराजवळच्या लूमवरच्या चाचांना कामावरून काढायला निघालेले, कारण त्यांचाच लूम सारखा बंद दिसायचा. हे गृहस्थ लुडोचा फासा मुठीत घोळवून त्यावर फुंकर मारत आणि पडेल त्या आकड्यावरून फेरीची वेळ ठरवत; फेरीत कोणता लूम का बंद आहे ते टिपून घेत.

कारकुनी आगाऊपणानं मी म्हटलं, “साहेब, हा तर जुगार!”

“मी वेळ ठरवली तर तुम्ही ती ओळखून आधीच सावध व्हाल. फाशाचं मन कोण ओळखणार?”

शेवटी ते सेठना म्हणाले, “चाचांचा लूम बंद असताना बहुतेक वेळा शेजारी तुम्हीच गप्पा मारत बसलेले होता.”

“मशीन चालू में सेठ की बात सुनाई कहाँ देती है?” चाचा म्हणाले.

चाचांची नोकरी वाचली. सेठनी खुर्ची उचलून माझ्या टेबलाशेजारी मांडली. तेव्हापासून काम माझं बंद पडायला लागलं. ते मोजायला मात्र कुणी आलं नाही.