मथुरा बिनकामाची फोंड्याला जाते

मथुरा तांडेल मालवणच्या बंदराजवळ राहायची. नवरा काशीराम होडीवर आणि हिच्या डोक्यावर मासळीची पाटी. पाटी घेऊन ती पार धामापूरपर्यंत पायी हिंडायची. तिने वाळवलेले बांगडे मात्र फोंड्याचे व्यापारी घाट चढवून कोल्हापूरला न्यायचे. सत्तावन्न सालच्या माघात एके दिवशी तिच्या मनात आलं, आपला बांगडा घाट बघून येतो आणि आपण नाही!

दुसऱ्या दिवशी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधून ती एस्टीच्या थांब्यावर निघाली. वाटेत जाऊ भेटली, नर्मदा.

"खंय गो चललंस?"

"फोंड्याक. घाट बघूक."

"कोण मेला?"

"कोण नाय मेला."

"मगे कोण आजारी आसा?"

कोणी मेलं नाही, कोणी आजारी नाही, सोयरीक जमवायची नाही आणि तरी बाई एकटी गावाबाहेर चालली, हे नर्मदेच्या डोक्यात मावेना. थांब्यावर आणखी चार बायका जमल्या. एकीने तर काशीरामने मारलं का म्हणून पाठही तपासली. शेवटी मथुरा वैतागून म्हणाली, "नवस आसा माझो."

झालं. सगळ्यांचे चेहरे उजळले. कंडक्टरने उठून पुढची जागा दिली. नर्मदेने धावत जाऊन नारळ आणला. "माझ्या चेडवाच्या लग्नाचा पण सांग गो देवीक," असं म्हणत तो तिच्या मांडीवर ठेवला. कुठली देवी, हे कोणीच विचारलं नाही.

फोंड्याला उतरून मथुरा घाटाच्या रस्त्याने चालू लागली. डोक्यावर पाटी नव्हती. पाटी असली की मान ताठ ठेवावी लागते, समोरचं तेवढं दिसतं. आज तिने मान पार मागे टाकली आणि झाडांचे शेंडे बघितले. एका वळणावर बसून तिने भाकरी खाल्ली. खाली अख्खं कोकण पसरलं होतं आणि त्यातल्या एकालाही आपण इथे आहोत हे ठाऊक नाही, याचा तिला फार आनंद झाला. ती मोठ्याने हसली. मग नर्मदेचा नारळ दगडावर फोडून निम्मा तिथेच खाल्ला आणि निम्मा प्रसाद म्हणून घरी आणला.

त्याच महिन्यात नर्मदेच्या मुलीचं लग्न ठरलं.

पुढच्या माघात थांब्यावर सगळी वाडी उभी. एकटीच जाते, असं मथुरेने पुष्कळ सांगून पाहिलं, पण नवस बोलल्यावर माघार कशी घेणार? वळणावर पोचल्यावर "देवी खंय?" असा प्रश्न आला, तेव्हा तिने निमूटपणे तो दगड दाखवला. बायकांनी त्याला शेंदूर फासला, नारळ फोडले, भजन म्हटलं आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून घाईने उतरल्या. दरीकडे सगळ्यांची पाठ होती. मथुरेला भाकरी सोडायलाही सवड मिळाली नाही.

तिसऱ्या वर्षी ती आठवडाभर आधीच निघाली. नर्मदेने हटकलंच.

"फोंड्याक मावशी आसा माझी," मथुरा म्हणाली, "तिका खरूज झाली हा. येतंस माझ्यावांगडा?"

नर्मदा चार पावलं मागे सरली.

वळणावर दगडाला आता छोटं छप्पर झालं होतं. घाटमाथ्यावरचं एक जोडपं पूजेला आलं होतं. त्यातल्या बाईने विचारलं, "देवीला आलाय जणू?"

"नाय. बघूक इलंय."

"काय बघायला?"

मथुरेने हाताने सगळं दाखवलं. बाईने दरीकडे पाहिलं, मथुरेकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. दोघांनी ताट आवरतं घेतलं.

मथुरा मात्र तशीच पुढे चालत राहिली. वर अजून बरीच वळणं होती.